जावईबापूंची गोळी

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर तिचा दम पार संपला. दोन्ही हातांत सोळा किलोंचं ओझं, तेही जिवंत, केसाळ आणि नाराज. तिने कुत्र्याला अलगद पायरीवर ठेवलं, भिंतीला पाठ टेकली आणि घटकाभर डोळे मिटले.

तेवढ्यात वरून आवाज आला. "अहो... अहो, हे तुमचं— बरं, जाऊ दे."

तिने डोळे उघडले. दोन पायऱ्या वर एक माणूस बसला होता. निळे कामाचे कपडे, कोपरापर्यंत ग्रीसचे डाग, मांडीवर उघडा डबा. त्याचा उजवा हात तोंडापाशी तसाच अधांतरी थांबला होता आणि त्या हातात काहीच नव्हतं. जे होतं, ते तिच्या कुत्र्याच्या जबड्यात होतं आणि भराभर आत चाललं होतं.

"अरे देवा. सॉरी, फार सॉरी. तो असं कधी करत नाही."

"कधीच?"

"कालपासून घरात अन्नाला तोंड लावलेलं नाही त्याने. विनवण्या करून जीभ झिजली माझी."

त्या माणसाने कुत्र्याकडे नीट पाहिलं. मग डब्यात उरलेल्या अर्ध्या सँडविचकडे. "अंडं आणि पाव," तो म्हणाला. "मीच केलंय. माझ्या हातचं कुणी इतक्या आवडीने खाताना आज पहिल्यांदा बघतोय."

तिला हसायचं नव्हतं. सकाळपासून हसण्यासारखं काही घडलंच नव्हतं. पण हसू आलं.

"म्हणजे," त्याने जरा बिचकतच विचारलं, "जावईबापू ते हेच का?"

"तुम्हाला कसं माहीत?"

त्याचे कान लाल झाले. लिफ्टच्या शाफ्टची एक भिंत तिच्या स्वयंपाकघराला लागून होती आणि तीन दिवस तो त्या शाफ्टमध्येच लटकून काम करत होता. "ऐकायचं म्हणून नाही ऐकलं. पण भिंतीपलीकडून रोज सकाळी येतं ना... 'जावईबापू, एवढी एक गोळी घ्या, मग म्हणाल ते देते. जावईबापू, थुंकू नका हो.' मला वाटलं, घरात कुणी वयस्कर गृहस्थ आहेत. आजारी. आणि... जरा तिरसट."

"वयस्कर आहेत," ती म्हणाली. "आजारी आहेत. आणि तिरसट तर विचारूच नका."

जावईबापूंनी पायरीवरचा शेवटचा कण चाटला आणि दोघांकडे पाठ करून बसले.

हे नाव तिच्या आईने ठेवलेलं. पिल्लू घरी आलं तेव्हा पहिल्याच दिवशी त्याने दूध हुंगलं, मान फिरवली आणि कोमट करून दिल्यावरच प्यायलं. आई म्हणाली, हे काही पाळीव जनावर नव्हे, हे तर जावईबापू आहेत, यांची मर्जी सांभाळावी लागणार. ती मर्जी आईने बारा वर्षं सांभाळली. गेल्या वर्षी आई गेली आणि जावईबापू लेकीच्या पदरात पडले. आता त्यांचं वय तेरा, एका डोळ्यात मोतीबिंदू झालेला, मागचे पाय अधू, आणि महिन्यापूर्वी कळलं की हृदयही मोठं झालंय.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. चुकली तर फुप्फुसांत पाणी साठेल, मग खोकला, मग धाप, आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही. मीठ पूर्ण बंद. गोळ्या नेमाने गेल्या तर अजून वर्ष-दीड वर्ष आरामात काढेल.

सांगणं सोपं. तिने गोळी पावात लपवली. जावईबापूंनी पाव खाल्ला आणि गोळी फरशीवर काढून ठेवली, कोरडीठाक. कुस्करून दुधात घातली, तर दुधाला दोन दिवस शिवले नाहीत. जबडा उघडून घशाशी ठेवली. त्यांनी गिळल्याचं नाटक केलं, शेपटीसुद्धा हलवली, आणि संध्याकाळी केर काढताना सोफ्याखाली तीन गोळ्या सापडल्या. परदेशातून दादाचा फोन यायचा. "एवढं काय त्या कुत्र्याचं घेऊन बसलीस," तो म्हणायचा. ती विषय बदलायची. हल्ली जावईबापू पहाटे खोकायला लागले होते.

त्यात लिफ्ट बंद. जुनी काढून नवी बसवायची होती आणि त्याला चार आठवडे लागणार होते. पायांनी अधू कुत्र्याला दिवसातून दोनदा चार मजले उचलून खाली न्यायचं आणि वर आणायचं, ही तिच्या दिवसाची सुरुवात आणि हाच शेवट.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ती मुठीत काहीतरी धरून जिन्यात आली. लिफ्टवाला पाना पुसत उभा होता.

"एक विचारू? विचित्र वाटेल."

"विचारा की."

तिने मूठ उघडली. अंड्याच्या पिवळ्या बलकात लपेटलेली गोळी, सुपारीएवढी. "हे तुमच्या सँडविचमध्ये ठेवाल? आणि मग... कालच्यासारखं... म्हणजे बेसावध बसाल?"

त्याने गोळीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे मी लुटलं जायचं."

"हो. जमेल?"

"आयुष्यभर तेच करत आलोय," तो म्हणाला आणि पायरीवर ऐसपैस बसला.

सँडविच गुडघ्यापाशी ठेवून त्याने मान वर केली आणि छताकडे बघत बसला. ती दाराच्या फटीतून बघत होती. जावईबापू एक पायरी उतरले. थांबले. नाक हलवलं. मग एवढ्या म्हाताऱ्या कुत्र्याला शोभणार नाही अशा चपळाईने तुकडा पळवला आणि दोन घासांत संपवला. गोळीसकट. तिने पायरी तपासली, कोपरे तपासले, त्यांच्या गालात बोट घालून पाहिलं. काही नव्हतं.

"दिलेलं खात नाहीत," लिफ्टवाला म्हणाला. "चोरलेलं खातात. तत्त्वाचे दिसतात."

संध्याकाळी सहाला काम आटपताना तो स्वतःच येऊन दाराशी उभा राहिला. "संध्याकाळची राहिलीय ना?"

असं ते सुरू झालं. सकाळी नऊ आणि संध्याकाळी सहा. तिसऱ्या दिवसापासून तो जावईबापूंना उचलून खालीही नेऊ लागला, विचारल्याशिवाय, जणू ते लिफ्ट बसवण्याच्या कामातच मोडत होतं. "लिफ्ट मीच बंद केलीय," तो म्हणाला, "तेव्हा ती सुरू होईपर्यंत लिफ्ट मीच." जावईबापू त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून, राजासारखे इकडेतिकडे बघत खाली जात.

तिचं काम आवाजाचं होतं. ज्यांना दिसत नाही अशा मुलांसाठी ती पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची. स्वयंपाकघराशेजारच्या लहान खोलीच्या भिंतींना जाड रजया लावलेल्या, खिडकी कायम बंद, टेबलावर माइक. ड्रिल सुरू झालं की सगळं काम पाण्यात. तिने एकदा अवघडून हे सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ड्रिल सुरू करण्याआधी भिंतीतल्या पाइपवर दोनदा टकटक व्हायची. ती वाक्य पूर्ण करायची, माइक बंद करायची आणि उलट दोनदा वाजवायची. मग पलीकडे गडगडाट सुरू व्हायचा. तिला गंमत वाटायची. घरात किती दिवसांत कुणाला उत्तर दिलं नव्हतं.

एका संध्याकाळी तो म्हणाला, "लाव्हा थंड झाल्यावर पुढे काय होतं?"

"काय?"

"काल तुम्ही तिथेच थांबलात. लाव्हा जमिनीवर पसरतो आणि हळूहळू थंड होतो. मग मी ड्रिल सुरू केलं. रात्रभर डोक्यात तेच."

"सातवीचा भूगोल ऐकताय तुम्ही?"

"सातवीत होतो तेव्हा ऐकला नाही. तेव्हा शिकवणाऱ्यांचा आवाज असा नव्हता."

ती कुत्र्याचा पट्टा सोडवायला खाली वाकली. पट्टा सुटलेलाच होता. "खडक होतो," ती वाकूनच म्हणाली. "थंड झाला की खडक होतो."

"हळूहळू झाला तर जास्त पक्का होत असेल."

"...ते पुढच्या धड्यात आहे."

पाचव्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या. सगळी इमारत त्यांना बाई म्हणायची. गुडघेदुखीमुळे त्या घरात अडकल्या होत्या. त्यांची धाकटी बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला अंथरुणाला खिळून होती. दर गुरुवारी बाई तिला भेटायला जायच्या. लिफ्ट बंद झाल्यापासून ते राहिलं होतं. बाई कठड्याला धरून वरून सगळं बघायच्या. एकदा भाजी पोचवायला ती वर गेली तेव्हा बाई म्हणाल्या, "एक जावई तर घरात आहेच तुझ्या. दुसरा रोज जिन्यात बसलेला दिसतो."

"बाई, काहीतरीच काय. ते गोळीसाठी बसतात."

"हो का," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, कुत्रा आजारी आहे."

दोन आठवडे झाले. पहाटेचा खोकला थांबला. जावईबापू खालच्या बागेत स्वतःच्या पायांनी एक फेरी मारू लागले. आणि एका दुपारी, ती पाण्याची बाटली द्यायला बाहेर आली तेव्हा लिफ्टवाला जेवत होता. त्याने डबा पुढे केला. "घ्या ना एक. चोरायची गरज नाही."

तिने घास घेतला. चावला. थांबली.

"यात मीठ नाहीये."

"हं."

"विसरलात?"

"नाही." त्याने डब्याचं झाकण लावलं. "त्यांना मीठ चालत नाही म्हणालात ना पहिल्या दिवशी. नेमका कुठला तुकडा पळवतील सांगता येत नाही. मग मी सगळंच बिनमिठाचं करतो."

"रोज? दोन आठवडे?"

"सवय होते. अंड्याला तशी स्वतःची चव असते, आपण कधी लक्ष देत नाही."

ती घास गिळून उभी राहिली आणि दार लावून आत आली. स्वयंपाकघरात तिने धुतलेला ग्लास पुन्हा धुतला. काय झालंय आपल्याला, सव्वीस नाही, चौतीस वर्षांची बाई आहेस तू, असं स्वतःला बजावलं. काही उपयोग झाला नाही.

त्याच संध्याकाळी तिने त्याला आईबद्दल सांगितलं. जावईबापू गोळी पळवून तृप्त होऊन दोघांच्या मध्ये झोपले होते. त्यांच्या पोटाकडे बघतच ती बोलत होती.

"आईसुद्धा शेवटी गोळ्या घेत नव्हती. दिवसाला अकरा होत्या. मी ग्लास घेऊन समोर उभी राहायचे. गिळ, तोंड उघड, जीभ दाखव. आई गिळल्यासारखं करायची. मी दोनदा ओरडले तिच्यावर. लहान मुलावर ओरडावं तसं. आणि ती गेल्यावर गादी उचलली तर..." ती थांबली. "तेवीस गोळ्या होत्या. कागदात नीट बांधून ठेवलेल्या."

त्याने जावईबापूंच्या पाठीवरून हात फिरवला. असं नका म्हणू, तुमची काय चूक, असं काहीही म्हणाला नाही. तिला ते बरं वाटलं.

मग म्हणाला, "मी नवीन होतो ना कामात, तेव्हा आमचा फोरमन मागे उभा राहून हाताकडे बघायचा. वाईट नव्हता. काळजीनेच बघायचा. पण तो बघायला लागला की माझ्या हातातून पाना पडायचा. हमखास."

"म्हणजे मी..."

"तुम्ही जावईबापूंकडे बघता ना गोळी देताना, तसं त्या फोरमनसारखं बघता. आता घेतील का, आता थुंकतील का. त्यांना वाटत असणार, हिला एवढी धास्ती आहे म्हणजे यात काहीतरी भयंकर आहे. मी काय करतो? छताकडे बघतो. छतात बघण्यासारखं काय आहे? कोळिष्टकं."

ती हसली, आणि हसता हसता डोळे पुसले. "न बघणं मला जमत नाही."

"जमेल. ज्यात जीव रमतो ते करा समोर."

तिने दोन दिवसांनी करून पाहिलं. सकाळी साडेआठला ताटलीत अंड्याचा तुकडा ठेवला, त्यात गोळी. ताटली खुर्चीच्या कडेला, आणि स्वतः पुस्तक उघडून मोठ्याने वाचायला बसली. नद्यांचा धडा होता. पहिली ओळ वाचताना सगळं लक्ष ताटलीकडे. दुसरीतही. मग धड्यात एका नदीने वाट बदलली, जुनं पात्र कोरडं पडलं, काठावरची गावं पाण्यासाठी मैल मैल चालू लागली, आणि ती खरोखरच त्या गावांमागे गेली. परत आली तेव्हा ताटली रिकामी होती. जावईबापू मिशा चाटत, भलतीकडे बघत बसले होते.

तिने ओट्याखाली पाहिलं, सोफ्याखाली पाहिलं. गोळी कुठेच नव्हती. तिने त्यांच्या मानेला मिठी मारली. आईच्या वासाची ती एकच गोष्ट आता घरात उरली होती आणि ती अजून वर्षभर राहणार होती. आपल्या हातून राहणार होती.

मग बाहेर जिन्यात ओळखीची पावलं वाजली. नऊ वाजले होते.

तिचा हात दाराच्या कडीवर थांबला. आता सांगायचं — घेतली हो, माझ्याकडूनच घेतली, तुम्ही सांगितलं तसंच केलं. तो खूश होईल. पाना उचलेल आणि वर कामाला जाईल. संध्याकाळी सहाला दाराशी उभं राहायचं कारण उरणार नाही.

तिने अंड्याच्या बलकाची एक रिकामी गोळी वळली, आत काहीच न घालता, आणि दार उघडलं.

"झोपले होते का?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "तुमचीच वाट बघत होते." कोण, ते तिने सांगितलं नाही.

शेवटचा आठवडा भरभर गेला. नवे दोर चढले, मोटार बसली, दरवाजांना चकचकीत पत्रा लागला. एकदा ती सहज म्हणावं तसं म्हणाली, "चार दिवस उशीर झाला तर काही बिघडणार नाही म्हणा."

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याला कळलं असावं, कारण तो पटकन हसला नाही. "एक दिवससुद्धा नाही लांबवणार," तो म्हणाला. "बाईंना गुरुवारचा शब्द दिलाय." तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याच्याबद्दल जे वाटत होतं ते अजून थोडं वाढलं.

गुरुवारी बाई इस्त्रीची साडी नेसून, हातात डबा घेऊन लिफ्टच्या पहिल्या फेरीत खाली उतरल्या. सगळी इमारत तळमजल्यावर जमली होती. त्याने दरवाजा धरून ठेवला, बाईंना हात दिला आणि रिक्षापर्यंत सोडून आला. मग हत्यारांची पेटी बंद केली.

"आता दुसरी साइट," तो तिला म्हणाला. "नदीपलीकडे. मोठं काम आहे, सहा महिन्यांचं."

"लांब आहे."

"आहे. पण स्कूटरने चाळीस मिनिटं. सकाळची गोळी देऊन जाईन, संध्याकाळची येताना." तो पेटीच्या कडीशी खेळत राहिला. "म्हणजे, त्यांना लागेल तोवर."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. तिने तोंड उघडलंसुद्धा. आणि म्हणाली, "लागेल. अजून थोडे दिवस."

तो येत राहिला. सकाळी नऊऐवजी साडेसातला, संध्याकाळी सातला. आता जिन्यात बसायचं कारण नव्हतं, म्हणून तो तिच्या घरात खिडकीपाशी बसायचा. तो यायच्या अर्धा तास आधीच ती खरी गोळी जावईबापूंच्या पोटात घालून मोकळी झालेली असायची आणि त्याच्या हातात नुसता बलक ठेवायची. जावईबापूंना दोन दोन नाश्ते मिळत होते. त्यांचं अंग भरलं. तिची मात्र झोप उडाली. रोज रात्री ठरवायची, उद्या सांगून टाकू. सकाळी दारावरची बेल वाजायची आणि ठरवलेलं सगळं पार धुऊन जायचं.

दहाव्या दिवशी पावसाने कहर केला. दोन दिवस तो पडतच होता. साडेसात वाजले, पावणेआठ, आठ. तिने खिडकीतून पाहिलं. रस्त्यावर घोट्याच्या वर पाणी होतं. आज येणार नाही, बरंच झालं, असं म्हणून ती खिडकीपासून हटली आणि पुन्हा खिडकीशी आली.

सव्वाआठला बेल वाजली. तो दारात उभा होता, नखशिखान्त भिजलेला. रेनकोट होता, पण तो त्याने डब्याभोवती गुंडाळला होता.

"स्कूटर पुलापाशी बंद पडली," तो धापा टाकत म्हणाला. "चालत आलो. उशीर झाला का? गोळी चुकली तर नाही ना?"

त्याच्या केसांतून पाणी गळत होतं. ओठ थंडीने निळसर झाले होते. तिच्या हातातला बलक बोटांत चुरला गेला.

"आज नको," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. "का? बरं नाही का त्यांना?"

"छान बरे आहेत. मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. तुम्ही रागवाल."

"सांगा तर."

"गोळी घेतलीय त्यांनी. सातला. माझ्या ताटलीतून." एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. "कालही घेतली. परवाही. लिफ्ट पूर्ण व्हायच्या आधीपासून घेताहेत. मी तुम्हाला रोज नुसता बलक देत होते. तुम्ही एवढ्या लांबून येता, आज तर पाण्यातून चालत... मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तुम्ही... मला नको होतं ते. तुम्ही येणं बंद होणं. बस. एवढंच."

तो दारातच उभा होता. पायाखाली पाण्याचं तळं साचत होतं. मग हळूच म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय?"

"लिफ्ट सुरू झाली त्याच्या आदल्या दिवशी तो बलक माझ्या हातातून पडला. फुटला. आत काहीच नाही. मला वाटलं, गडबडीत विसरलात. संध्याकाळी मुद्दाम दाबून बघितला. मग रोजच दाबून बघतोय."

"आणि तरी येत राहिलात?"

"विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगून टाकलं असतं," तो म्हणाला. "मग कुत्रा बरा झालेल्या घरी मी साडेसातला कुठल्या तोंडाने आलो असतो? लिफ्टही नीट चालतेय तुमची. मीच बसवलीय."

तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. दोन्ही एकदम येत असल्यामुळे काहीच नीट येईना.  बाहेर पन्हाळीतून पाणी धो धो कोसळत होतं.

त्याने मान खाली घातली. "आता खरं काय ते दोघांनाही कळलं. बहाणा संपला... तर मी जाऊ का?"

"नको जाऊस."

शब्द तिच्या तोंडून निघून गेला आणि मग तिच्या कानांवर पडला. महिनाभराचं अहो-जाहो दाराबाहेर राहिलं होतं. त्यानेही ऐकलं. भिजलेले बूट त्याने उंबऱ्यापाशी काढले, एकाशेजारी एक, अगदी सरळ ठेवले आणि आत आला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडे नव्या साइटवरचा फोरमन होता. पाण्यात कुठे अडकलायस की काय, असं विचारत असावा.

"नाही, नाही. घरीच आहे अजून," तो म्हणाला. "पाऊस फार आहे. येतो दुपारपर्यंत."

फोन ठेवल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. कान लालभडक झाले. "म्हणजे ते... मला आपलं म्हणायचं होतं की..."

"बरोबर तेच सांगितलंस," ती म्हणाली आणि टॉवेल आणायला आत गेली.